तारीख नसलेलं कात्रण

काल रविवार होता. गावच्या ग्रुपवर (सभासद हजाराच्या घरात, ॲडमिन चार, त्यातले दोन भावी नगरसेवक) सकाळपासून रात्रीपर्यंत आलेल्या सगळ्या लिंका मी उघडून वाचल्या. फक्त शीर्षक नाही, आतलं सगळं. धंद्याची खोड, दुसरं काय.

काय काय होतं बघा. सोन्याचा भाव. धरणाचा पाणीसाठा. एका नटाचा घटस्फोट, तीन वेगवेगळ्या पोर्टलवरून तीनदा. बालगंधर्वांच्या पदाचं जुनं रेकॉर्डिंग, ते मात्र खरंच ऐकण्यासारखं. कर्जमाफीची ‘ब्रेकिंग’ बातमी. उघडली तर तीन वर्षांपूर्वीची. ‘आपल्या तालुक्यात’ शिरलेला बिबट्या, ज्याच्या मागच्या दुकानाची पाटी कन्नडमध्ये. आणि पु. लं.च्या नावावर एक कविता, मोबाईलमुळे माणसं कशी दुरावली यावर. पु. ल. १२ जून २००० ला गेले. व्हॉट्सॲप आलं २००९ मध्ये. एवढा हिशेब कुणी करत नाही. उलट खाली चाळीस अंगठे!

लिंका टाकू नका असं मी म्हणत नाहीये. ही सवय मुळात चांगली आहे आणि आपल्याकडे जुनीसुद्धा. वाचनालयात उतरत्या टेबलावर पेपर वाचणारी, चांगला लेख दिसला की कापून वहीत चिकटवणारी माणसं प्रत्येक गावात होती. आमच्या ग्रुपवरचे एक निवृत्त मुख्याध्यापक रोज मराठी विश्वकोशातली एक नोंद पाठवतात. मी ती चुकवत नाही. दिवसभराच्या गदारोळातून चार चांगल्या गोष्टी वेचून दुसऱ्याच्या हातात ठेवणं हे संपादकाचंच काम आहे. फक्त त्या कात्रणवाल्यांची एक शिस्त होती. कात्रण कापलं की कोपऱ्यात पेनाने पेपरचं नाव आणि तारीख लिहायची. पत्रकारितेच्या डिप्लोमाला आम्हाला पहिल्याच महिन्यात सांगितलेलं, तारीख नसलेलं कात्रण म्हणजे रद्दी.

आता रद्दी म्हटली तरी ती नुसती पडून राहत नाही, अडचण ही आहे.

१ जुलै २०१८ आठवा. तोही रविवारच. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा, आठवडे बाजाराचा दिवस. सोलापूर जिल्ह्यातून भिक्षा मागत आलेली नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे मेसेज त्या भागात आधीपासून फिरत होते. सोबत मेलेल्या लहान मुलांची दृश्यं. ती दृश्यं होती सीरियातली, २०१३ च्या रासायनिक हल्ल्यातली! देश वेगळा, वर्ष वेगळं, मुलांच्या मरणाचं कारण वेगळं. पण व्हिडिओवर ना जागा होती ना तारीख, त्यामुळे पाहणाऱ्याने ती आपल्याच गावाशेजारची धरली. त्या पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारून टाकलं. त्याच रात्री मालेगावात एका कुटुंबाला जमावाने असंच घेरलं होतं. तिथे मध्ये पडणारी माणसं होती, पोलीस वेळेत पोचले, म्हणून ते वाचले.

त्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा आणली. चांगलं केलं. पण मर्यादेमुळे मेसेजचा वेग कमी होतो, त्याच्यावर तारीख उमटत नाही. ती माणसालाच टाकावी लागते.

छापील पेपरच्या शेवटच्या पानाच्या तळाशी एक बारीक ओळ असते. हे वृत्तपत्र अमुक यांनी अमुक ठिकाणी छापून प्रसिद्ध केले. वाचतं कोण? पण १८६७ च्या इंग्रजी कायद्यापासून ती सक्तीची आहे, म्हणजे बातमी खोटी निघाली तर दार कुणाचं ठोठवायचं हे माहीत असतं. आमच्याकडे त्या ओळीच्या जागी काय? ‘आला तसा पाठवला’. मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलं, की सभासदाच्या आक्षेपार्ह पोस्टसाठी ॲडमिनला आपोआप गुन्हेगार धरता येणार नाही. मला ते पटतं. चार पोरांनी हजार जणांवर किती डोळा ठेवायचा? पण मग जबाबदारी सरळ टाकणाऱ्यावर येते. म्हणजे तुमच्यावर आणि माझ्यावर.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. लिंक टाकताना वर एक ओळ स्वतःच्या हाताने लिहा: कधीची, कुठली, आणि मी का पाठवतोय. ही ओळ लिहायला बसलात की निम्म्या लिंका आपोआप गळतील, कारण तारीख शोधायला ती उघडावी लागेल. ‘आम्हाला एवढा वेळ कुठे’ म्हणणाऱ्यांनी नटाचा घटस्फोट तीनदा वाचलाय, हे मी पाहिलंय.

आणि एक गोष्ट मला जास्त लागली. कालच्या सगळ्या लिंकांमध्ये आपल्या गावची एकही नव्हती. दिल्ली, मुंबई, अमेरिका, सगळं आलं. आपल्या तालुक्याची दोन साप्ताहिकं कोरोनानंतर परत निघालीच नाहीत, तेव्हा गावचं लिहिणारे हात आधीच कमी. पण जे छापून येतं तेही कुणी उचलत नाही. काल ज्या पेपरातल्या क्रिकेटच्या बातमीचा फोटो चौघांनी टाकला, त्याच पेपरात सातव्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरात नगरपालिकेची जाहीर सूचना होती. चतुर्थ वार्षिक कर आकारणीची. तुमच्या घराचं, दुकानाचं मूल्यांकन नव्याने झालंय, याद्या तयार आहेत, हरकती मागवल्यात. बिल हातात पडल्यावर याच ग्रुपवर शिव्यांचा पाऊस पडणार, तेव्हा मुदत गेलेली असेल.

तर ही घ्या माझी आजची लिंक. कधीची: कालची. कुठली: आपलीच. का पाठवतोय: यादीत वाढीव बांधकाम दाखवलंय म्हणून दोघांनी मला फोन केला, आणि त्यांनी बांधकाम केलेलंच नाही. सूचनेचा फोटो खाली कमेंटमध्ये लावलाय, मोठा करून बघा, शेवटची तारीख त्यातच आहे. कर विभागात जाऊन यादीत आपलं नाव शोधा, हरकत लेखीच द्या आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.