कॅमेऱ्यामागून : 'छान आहे' याचं करायचं काय?



गेल्या दिवाळीत मंडळाच्या कार्यक्रमात सभागृहाच्या मागच्या भिंतीवर आपल्यातल्या हौशी लोकांचे कृष्णधवल फोटो लावले होते, ते आठवत असतील. चहाचा कप हातात घेऊन माणसं त्या भिंतीपुढून सरकत होती आणि दर फोटोपुढे एकच शब्द ऐकू येत होता, "छान!" पुढच्यापुढे, "हाही छान!" त्यात मीही होतोच, उगाच कशाला खोटं बोला.

आपल्याकडे गाण्याच्या बैठकीत पहिल्या षड्जापासून 'वा, वा' करणारा एखादा असतो. गवई त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. आणि कोपऱ्यात एक जण असा असतो, की तो नेमक्या जागेवर नुसतं "हं!" म्हणतो. मग गवई त्याच्याकडे बघून गायला लागतो. फोटोचंही तसंच आहे. पण हे शहाणपण मला फार उशिरा आलं, आणि तेही ठेच लागून.

१९९४ साली वाईला घरी गेलो होतो, तेव्हा आईचा एक फोटो काढला. स्वयंपाकघरातल्या खिडकीशी बसून ती तांदूळ पाखडत होती. अंगावर पांढरी सुती साडी, मागे अंधारं घर. कॅमेऱ्यात इलफर्डची एचपी ५ प्लस फिल्म होती. इथे इंग्लंडात परत आल्यावर बाथरूमच्या खिडकीला काळा कागद चिकटवला, सौ.ची बोलणी खाल्ली, रात्री एकपर्यंत बसून प्रिंट काढला आणि गावातल्या कॅमेरा क्लबच्या स्पर्धेला दिला.

आमच्या क्लबात बाहेरच्या क्लबचा परीक्षक येतो. प्रिंट दिव्याखाली स्टँडवर ठेवतात, फोटो कोणाचा ते सांगत नाहीत. परीक्षक सगळ्यांदेखत बोलतो आणि २० पैकी गुण देतो. त्या दिवशीचे गृहस्थ आधी म्हणाले, "इंटरेस्टिंग." इथे वर्षं काढलेल्यांना या शब्दाचा अर्थ मी सांगायला नको! मग म्हणाले, "माझी नजर आधी या पांढऱ्या डागाकडे जाते आणि तिथे बघायला काहीच नाही. बघण्यासारखे आहेत ते हात, पण ते काळ्यात बुडालेत." गुण १३.

पांढरा डाग! अहो, ती माझी आई होती. घरी येईपर्यंत मी गाडीत त्या गृहस्थांचा मराठीत यथेच्छ उद्धार केला. आठ दिवस प्रिंटकडे बघितलंही नाही. नवव्या दिवशी बघितलं आणि काय सांगू, साडीच्या जागी खरोखरच कोरा कागद होता. मला तिथे आई दिसत होती, कारण मला आई माहीत होती. त्यांना कुठली माहीत असणार? त्यांच्यापुढे फक्त कागद होता. माझ्या मनात होतं ते सगळं कागदावर उतरलेलं नव्हतं, एवढंच ते सांगत होते.

चूक साधी होती. उजेड मोजताना मी अंधाऱ्या घराचा मोजला, त्यामुळे खिडकीजवळच्या साडीवर गरजेपेक्षा जास्त प्रकाश पडला. त्यात फोटो उठावदार दिसावा म्हणून मल्टिग्रेड कागदावर ४ नंबरचा फिल्टर लावला, तेव्हा काळं अगदी डांबर झालं आणि पांढरं चुना. मग २ नंबरचा फिल्टर घेतला आणि पुठ्ठ्याला भोक पाडून नुसत्या साडीला एन्लार्जरचा जादा उजेड दिला. चौथ्या प्रिंटला साडीच्या चुण्या दिसल्या, हाताच्या शिरा दिसल्या.

तो प्रिंट आईला पाठवला. तिचं उत्तर आलं, "फोटो मिळाला. साडी चांगली आली आहे. पण सुपातले खडे काही दिसत नाहीत." परीक्षक परवडले!

अॅन्सेल अॅडम्ससारख्या माणसाचंही असंच. 'मूनराइज, हर्नान्डेझ' हा त्याचा फोटो १९४१ सालचा. तो त्याने पुढे कित्येक वर्षं पुन्हापुन्हा प्रिंट केला. सुरुवातीच्या प्रिंटांत आकाश करडं आहे, नंतरच्या प्रिंटांत जवळजवळ काळं. निगेटिव्ह तेच. स्वतःच्या कामावर सर्वांत कडक टीका तो स्वतःच करत होता.

आता दुसरी बाजू. दिवाळीच्या त्या भिंतीवर आपल्यातल्याच एका कॉलेजात जाणाऱ्या मुलीचा फोटो होता. हळदीकुंकवाचा, डिजिटल कॅमेऱ्याने काढून संगणकावर कृष्णधवल केलेला. ती जवळ येऊन म्हणाली, "काका, छान म्हणू नका हं. खरं सांगा." झालं! काकांना चेव चढला. म्हटलं, "हे कडेला अर्धं तोंड आलंय ना, ते आधी काप." तिचा चेहरा पडला. हळूच म्हणाली, "ती आई आहे, काका. ती सगळ्या फोटोंत अशीच अर्धी असते. सारखी काहीतरी आणायला आत जात असते ना."

मी गप्प. १९९४ साली मला जे लागलं होतं तेच मी त्या पोरीला केलं होतं. उलट जास्तच. त्या गृहस्थांनी निदान त्यांना काय दिसलं ते सांगितलं होतं, मी थेट कात्री काढली. मग तिला विचारलं, "तुला नक्की काय दाखवायचं होतं?" आणि दोघं पुन्हा फोटोपुढे उभे राहिलो. आईचा चेहरा इतका काळोखात होता की तो चुकून आल्यासारखा वाटत होता. शिवाय कुंकू त्वचेच्याच करड्या छटेत विरघळलं होतं. लाल रंगाचं हे नेहमीचंच दुखणं. म्हटलं, "चेहरा थोडा उजळ कर आणि रूपांतर करताना लाल रंग गडद घे, म्हणजे कुंकू दिसेल. मग कुणी काप म्हणणार नाही." नव्या प्रिंटमध्ये नजर आधी त्या अर्ध्या चेहऱ्यावरच जाते.

तेव्हा मंडळी, आधी आपली नजर कुठे गेली ते सांगावं. मग विचारावं, तुला काय हवं होतं? आणि मग एकच गोष्ट सुचवावी, दहा नव्हेत. ऐकणाऱ्यानेही "अहो, त्या दिवशी ऊनच नव्हतं" असले खुलासे करू नयेत. ऊन कागदाबरोबर येत नाही. गप्प ऐकावं, लिहून ठेवावं आणि राग गेला की पुन्हा बघावं.

आई २००३ साली गेली. तो चौथा प्रिंट आमच्या दिवाणखान्यात आहे. खडे अजून दिसत नाहीत.

पुढच्या कार्यक्रमाला येताना प्रत्येकाने आपला एकेक कृष्णधवल फोटो जरूर आणा. 'छान' तेवढं घरी ठेवून या.