लग्न लावणार कोण?

"ताई, रविवारी मी लग्न लावलं!" कॅलिफोर्नियाहून धाकट्या बहिणीचा फोन. माझ्या पोटात धस्स झालं. सहा वर्षांपूर्वी तिचे यजमान गेले, त्यामुळे मला भलतंच वाटलं. "अगं, माझं नाही! पुतणीचं. मीच लावलं, सही-शिक्क्यानिशी."

भानगड अशी, की तिकडे लग्न कोणी लावायचं हे कायद्याने ठरलेलं असतं. कॅलिफोर्नियात धर्मगुरू चालतात, न्यायाधीश चालतात. हे कोणी नको असतील, तर परगण्याच्या कचेरीत अर्ज करून, फी भरून, शपथ घेऊन साधा माणूससुद्धा एका दिवसापुरता विवाह अधिकारी होऊ शकतो. ही सोय बऱ्याच परगण्यांत आहे. अधिकार तेवढ्या एका लग्नापुरता. लग्न लावायचं, परवान्यावर सही करायची आणि दहा दिवसांत तो कचेरीत परत पोचवायचा. संपलं.

दुसरी वाट इंटरनेटची. काही संस्था घरबसल्या धर्मगुरूपद देतात आणि मित्राचं लग्न लावायला लोक ते घेतात. पण ते सगळीकडे चालेलच असं नाही. पेनसिल्व्हेनियातल्या यॉर्क परगण्याच्या न्यायालयाने २००७ मध्ये अशा धर्मगुरूने लावलेलं लग्न अवैध ठरवलं. टेनेसीने तर २०१९ मध्ये त्यांना मनाई करणारा कायदाच केला. कोलोरॅडोत मात्र नवरा-नवरी आपलं लग्न आपणच लावू शकतात, मधे कोणी लागत नाही.

बहीण म्हणाली, "आपल्याकडे मला हे करू दिलं असतं का गं?" मी गप्प. आमच्याच घरच्या एका लग्नात ती 'मी मागेच बरी' म्हणत खांबाआड उभी राहिली होती आणि तिला पुढे ये म्हणणारी मीही नव्हते.

कायदा काय म्हणतो ते मग मी काढून वाचलं. मैत्रिणींनो, १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचं सातवं कलम जेमतेम चार ओळींचं आहे. वर किंवा वधू, कोणाही एकाच्या रूढीप्रमाणे विधी व्हावेत आणि त्यात सप्तपदी असेल तर सातवं पाऊल पडलं की विवाह पूर्ण. पुरोहित पुरुष हवा, ब्राह्मण हवा, सवाष्ण हवी, असलं काही नाही. पुरोहिताचा उल्लेखच नाही! पुण्यात कितीतरी बायका गेली काही दशकं रीतसर शिकून लग्नं लावताहेत, त्या कोणाच्या परवान्यावर थांबल्या नाहीत. त्याच्याही आधी, १८७३ च्या डिसेंबरात जोतीराव फुल्यांनी पुण्यात भटजीवाचून सत्यशोधक पद्धतीने लग्न लावलं होतं.

म्हणजे अमेरिकेतला कायदा बहुतेक ठिकाणी 'कोणी लावलं' विचारतो, आपला 'कसं लावलं' विचारतो. मेख तिथेच आहे. मित्राने माईक घेऊन दोन कविता वाचल्या, हार घातले, टाळ्या झाल्या, एवढ्यावर हिंदू विवाह होत नाही. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच बजावलं. त्या जोडप्याकडे नोंदणीचं प्रमाणपत्र होतं, पण विधीच झाले नव्हते, म्हणून विवाहच झाला नाही असं ठरलं. तामिळनाडूची गोष्ट वेगळी. तिथे १९६७ च्या दुरुस्तीने नातेवाईक किंवा मित्रांसमोर एकमेकांचा स्वीकार करून हार, अंगठी किंवा ताळी घातली तरी पुरतं. आपल्याकडे विधी नकोच असतील तर १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. तीस दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार आणि सरकारी विवाह अधिकारी. तिथे मात्र मावशी, काकू कोणी चालत नाही.

हे सगळं वाचायचं कारण घरातच आहे. माझ्या मुलाचं मार्गशीर्षात लग्न आहे. होणारी सून म्हणाली, "आई, मावशी येणारच आहेत, तर त्यांनाच लावू दे ना. लाजाहोम, सप्तपदी सगळं करू, त्या पाठ करतील." मुलाला पसंत. बहीण तर फोनवर रडलीच. आणि कायद्याची कलमं घडाघडा सांगणारी मी काय म्हणाले? "अगं, पण लोक काय म्हणतील!" तोंडातून निघून गेलं. सुनेने काही उत्तर दिलं नाही. तिने फक्त माझ्याकडे पाहिलं.

नोंदणीचा अर्ज आणून ठेवलाय. वधूवरांची माहिती भरून झाली, तीन साक्षीदारही ठरले. पुरोहिताचं नाव, पत्ता, सही एवढा रकाना कोरा आहे. आमच्या नेहमीच्या भटजींचा काल फोन येऊन गेला, तारीख नक्की ना म्हणून. मी "उद्या कळवते" म्हटलं. आधी बहिणीला विचारायचंय, मंगलाष्टकं कोणत्या चालीत म्हणणार आहेस गं?