घर एकरावर मोजायचे की माणसांवर?



सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात आणि सोलापूर जिल्ह्यात नद्या घरांत शिरल्या. उभे सोयाबीन कुजले, दावणीची जनावरे वाहून गेली, कित्येक शेतांतली तर मातीच खरडून गेली. ७ ऑक्टोबर २०२५ रोजी राज्य सरकारने ३१ हजार ६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. लगेच वाद पेटला. सरकार म्हणाले, एवढी मदत आजवर कोणी दिली नव्हती. विरोधक म्हणाले, ही धूळफेक आहे. केंद्राने किती द्यायचे, राज्याने किती, पंचनामा कोणाचा झाला, कोणाचा राहिला, यावर सभा गाजल्या.

हा वाद व्हायलाच पाहिजे. पैशाचा हिशेब मागणे हा जनतेचा हक्क आहे. पण रकमेवर भांडता भांडता एक सवाल दर वेळी बाजूला पडतो. पडलेले गाव उभारायचे कोणी, कोणाच्या विचाराने, आणि कोणत्या मापाने? या सवालाचा धडा महाराष्ट्राने एकदा फार मोठी किंमत मोजून घेतला आहे. तो धडा किल्लारीचा. तीस वर्षे उलटून गेली, तरी तो पुन्हा पुन्हा सांगावा लागतो, म्हणून हे लिहिणे.

किल्लारीत काय घडले

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाची रात्र सरत आली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यांत धरणी हादरली. औसा तालुक्यातले किल्लारी, त्या वेळी उमरगा तालुक्यात असलेले सास्तूर आणि भोवतालची गावे काही क्षणांत दगडांचा ढीग झाली. आठ ते दहा हजार माणसे गेली, त्यांतली बहुतेक झोपेत.

भूकंपाने माणूस मेला म्हणतात, पण त्या रात्री माणसे मारली ती घरांनी. जाडजूड दगडी भिंती, दगडांच्या मध्ये नुसता चिखल, वर लाकडी सांगाडा आणि माळवद, आणि माळवदावर गळती थांबावी म्हणून वर्षानुवर्षे टाकलेली माती. भिंतीचा आतला पदर आणि बाहेरचा पदर एकमेकांना बांधणारा आरपार दगड कुठे घातलेलाच नाही. हादरा बसला तसे दोन्ही पदर सुटले आणि सगळे ओझे निजलेल्यांच्या अंगावर आले. कुडाच्या झोपडीत निजलेला गरीब मात्र पुष्कळ ठिकाणी वाचला. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

मदतीला सारा देश धावला, ते कोणी नाकारू नये. मग जागतिक बँकेचे कर्ज आले आणि १९९४ पासून पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम सुरू झाला. कर्ज म्हणजे फेडायचा पैसा. काडेपेटीवरही कर भरणारी जनताच तो फेडणार. तेव्हा ते काम कसे झाले, हे विचारताना आपण कोणाचे उपकार विसरत नाही. आपण आपला हिशेब विचारतो.

फुटपट्टी कोणाच्या हातात होती?

सगळ्यांत जास्त पडलेली ५२ गावे उचलून नव्या जागी वसवायची असे ठरले. घरे किती मोठी द्यायची? त्याचा नियम बघा. भूमिहीनाला आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्याला २५० चौरस फूट. एक ते सात हेक्टरवाल्याला ४०० चौरस फूट. सात हेक्टरांच्या वर जमीन असेल त्याला ७५० चौरस फूट.

म्हणजे घरात डोकी किती, हे विचारले नाही. सातबारा विचारला. ज्याच्या घरी म्हातारे आईबाप, बायको, चार लेकरे आणि विधवा बहीण, पण सातबारा कोरा, त्याला २५० फूट. ज्याच्या घरी तिघेच, पण जमीन सात हेक्टरांच्या वर, त्याला त्याच्या तिप्पट. दुसऱ्याच्या रानात राबणाऱ्या मजुराचे कुटुंब काय जमिनीच्या मापाने श्वास घेते?

यावर उत्तर येते ते असे : मोठ्या शेतकऱ्याचा वाडाच मोठा होता, त्याला ७५० फूट म्हणजे नुकसानच. खरे आहे. त्याचेही नुकसान झाले, त्याचीही माणसे गेली, त्याच्या दुःखाला आम्ही हसत नाही. त्याला गुरांना, धान्याला, औतफाट्याला जागा लागते, तीही मिळाली पाहिजे. पण गोठ्याची जागा वेगळी मोजा आणि माणसांच्या निवाऱ्याची वेगळी मोजा. सरकारी पैशाने गाव नव्याने वसवायचे, आणि त्यात जुनी उतरंड चुन्याच्या रेघेने आखून पक्की करायची, हे कोणते पुनर्वसन? भूकंपाने एका रात्रीत सगळ्यांना उघड्यावर आणून सारखे केले होते. कागदाने त्यांना पुन्हा तीन ढिगांत वाटले.

गिरणीतला दाखला देतो. साच्यावर पट्टा तुटून कामगार जखमी झाला, तर दवाखान्यात त्याची खाट त्याच्या जमिनीवरून ठरत नाही. जखम बघतात. घर गेलेल्या माणसाची गरज बघायची तर त्याची माणसे मोजायला हवीत.

शब्द काय दिला होता?

मराठवाडा महाराष्ट्रात आला तो शब्दावर आला. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात लिहिले होते की खर्चाची वाटणी लोकसंख्येच्या प्रमाणात होईल आणि मराठवाड्याच्या मागासलेपणाकडे खास लक्ष दिले जाईल. म्हणजे राज्य जोडताना माप माणसांचे होते. मग त्याच मराठवाड्यात, राज्य झाल्यावर तेहेतीस वर्षांनी, घर वाटताना माप एकराचे कसे झाले? राज्य मराठीचे झाले, कारभार मराठीत झाला, याचा आम्हांला अभिमान आहे. पण गावच्या माणसाला त्याच्या बोलीत कोणी विचारलेच नाही, तर कारभार मराठीत असून त्याला काय फायदा?

आणि विचारण्याची सोय नव्हती असेही नाही. पंचायतींना घटनेत स्थान देणारी ७३वी दुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली होती. भूकंप झाला त्याच्या पाच महिने आधी! ग्रामसभेचा हक्क कायद्यात बसला होता. नव्या गावाची आखणी मात्र बव्हंशी गावाबाहेरच्या कागदावर झाली.

तयार घर आणि केलेले घर

त्या ५२ गावांत घरे बांधली ती मुख्यत: कंत्राटदारांनी आणि देणगीदार संस्थांनी. घरे सिमेंटची, पक्की. त्यांत जीव वाचेल, हा त्यांचा मोठा गुण, तो मान्य. पण आखणी पाहा. शहरातल्या वसाहतीसारख्या सरळ रेषा, रुंद रस्ते, घरे लांब लांब. जुने गाव दाटीने बसलेले, एका ओसरीवरून दुसऱ्या ओसरीवर हाक जायची. नवे गाव त्याच्या कितीतरी पट पसरले. जेवढे गाव पसरले तेवढी पिकाऊ जमीन त्याखाली गेली, तेवढी पाण्याची नळवाट लांबली, तेवढे दिव्याचे खांब वाढले, आणि हे सगळे सांभाळायचे कोणी, तर तुटपुंज्या उत्पन्नाच्या ग्रामपंचायतीने.

घरात बैल कुठे बांधायचा? कडबा कुठे रचायचा? ज्वारीची पोती कुठे ठेवायची? चूल कुठे मांडायची, सांडपाणी कुठे सोडायचे? आखणाऱ्याला हे प्रश्न पडले नाहीत, कारण त्या घरात त्याला राहायचे नव्हते. मग लोकांनी काय केले? पक्क्या घराला पत्र्याची शेड जोडली, कुठे दगडमातीची भिंत घातली. म्हणजे जिच्याखाली माणसे गेली तीच भिंत मागच्या दाराने परत आली. त्याचा दोष गावकऱ्याला देऊ नका. त्याची गरज कागदात बसली नाही, म्हणून ती कागदाबाहेर उभी राहिली.

आता दुसरी बाजू बघा. ही ५२ गावे सोडून १३ जिल्ह्यांतल्या शेकडो गावांत घरे तडकली होती, पण उभी होती. तिथे सरकारने वेगळी वाट धरली. घरमालकाला १७ हजारांपासून ३४ हजार रुपयांपर्यंत मदत, तीही हप्त्यांनी आणि काही सामानाच्या रूपाने. इंजिनिअर सल्ला देणार, काम मालकाने करून घ्यायचे. या रीतीने सुमारे दोन लाख घरांचे काम झाले. भिंतीत आरपार दगड बसवायचे, माळवदावरची माती कमी करायची, दाराच्या वरच्या पातळीला चारी भिंतींना बांधणारा सळई-सिमेंटचा पट्टा घालायचा. गावच्या गवंड्याला समजेल असेच हे ज्ञान होते.

आणि इथे बायका पुढे आल्या. महिला मंडळांतल्या बायांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमले. हप्ता आला का, सिमेंट किती आले, पट्टा घातला की नुसताच दाखवला, हे दारोदार जाऊन बघणाऱ्या या बाया. काल उंबऱ्याबाहेर ज्यांचा शब्द चालत नव्हता, त्या इंजिनिअरशी हुज्जत घालू लागल्या. पुढे २६ जानेवारी २००१ ला कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा याच मुलखातल्या बाया तिकडच्या बायांना अनुभव सांगायला गेल्या. गुजरातेत बहुतेक लोकांनी जुन्या जागीच, सरकारी मदतीने, आपले घर आपण बांधण्याचा मार्ग निवडला. मराठवाड्याच्या बाईने शिकलेला धडा दुसऱ्या राज्याच्या कामी आला, आणि आपण आपल्याच घरात तो विसरत चाललो.

हे सगळे सोन्याचे होते असे नाही. पुष्कळांनी जुनी भिंत तशीच ठेवून शेजारी नवी एक खोली बांधली. इंजिनिअर म्हणाले, पैसा भलतीकडे गेला. पण ज्या माणसाने शेजारच्या गावात दगडाखालून मढी काढली, त्याचा दगडावरून विश्वास उडाला होता. भिंत बांधण्याआधी त्याचा विश्वास बांधायला हवा होता. त्याला वेळ लागतो, बोलणे लागते. तेवढा वेळ द्यावा लागतो.

‘लोकांना पैसे दिले तर उडवतील!’

हा आक्षेप आम्ही दर वेळी ऐकतो. आमच्या बोनसच्या वेळीही हेच म्हणतात. म्हणे, कामगाराच्या हातात रोख दिली तर तो दारूत घालील. अहो, उडवणारा असतो, सगळ्या जातींत आणि सगळ्या थरांत असतो. त्यावर उपाय आहे. पाया झाला, पहिला हप्ता. पट्टा बसला, दुसरा. छप्पर चढले, तिसरा. देखरेख गावच्या बायांची. पण कंत्राटदाराचे काम कच्चे निघाले तर त्याचा हप्ता कोण थांबवतो? तिथे गावाच्या हाती काहीच नसते.

दुसरा आक्षेप घाईचा. लोक उघड्यावर आहेत, विचारत कुठे बसता? आणि किल्लारीच्या लोकांना स्वतःलाच जुनी जागा नको होती. हेही खरे. जिथे प्रेते जाळली त्या मातीत कोण राहील? पण गाव हलवायचे की नाही, हा एक प्रश्न, आणि नवे गाव कसे असावे, हा दुसरा. पहिल्याला लोकांनी ‘हो’ म्हटले म्हणून दुसऱ्याचे उत्तर साहेबाने द्यावे, असे होत नाही.

घाईत सुटले असेही नाही. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यात माळीण गाव डोंगराखाली गेले, दीडशेच्या घरात माणसे गेली. नवे माळीण एप्रिल २०१७ मध्ये थाटाने लोकांच्या हवाली केले, आणि त्याच वर्षीच्या पहिल्या पावसात तिथले रस्ते आणि संरक्षक भिंती खचल्या. पावणेतीन वर्षे लागली, आणि तरी पाऊस कुठून कसा वाहतो हे नव्या गावाच्या भिंतींना कळले नव्हते. त्या डोंगरात जन्म काढलेल्या म्हाताऱ्याला ते ठाऊक असते.

आपली मागणी

म्हणून पुढचा पूर, पुढची दरड, पुढचा हादरा यायच्या आधीच या गोष्टी कायद्यात आणि शासन निर्णयात बसल्या पाहिजेत.

पहिली : सरकारी पैशातले घर कुटुंबातल्या माणसांच्या संख्येवर मोजावे, जमिनीवर नव्हे. भूमिहीनाचे माप कोणापेक्षा कमी नको.

दुसरी : जागा आणि आखणी ग्रामसभेत मंजूर झाल्याखेरीज एक खड्डाही खोदू नये. त्या सभेत बायांची हजेरी मोजावी.

तिसरी : ज्याला आपले घर आपण बांधायचे आहे, त्याला हप्त्यांनी पैसा, सामान आणि इंजिनिअरचा सल्ला द्यावा. गावच्या गवंड्यांना आधी शिकवावे, म्हणजे मजुरीही गावातच राहील.

चौथी : गोठा, कडबा, धान्य आणि चूल यांची जागा नकाशात पहिल्या दिवसापासून असावी.

पाचवी : आलेला पैसा, झालेला खर्च आणि कंत्राटदाराचे नाव चावडीवर, साध्या मराठीत, मोठ्या अक्षरांत लावावे.

यात एकही मागणी खजिना रिकामा करणारी नाही. पाचही मागण्या फक्त एवढेच म्हणतात की ज्याचे घर पडले, त्याला घरधनी समजा. याचक समजू नका.

मित्रांनो, गिरणीत आम्ही एक शिकलो. करार झाला म्हणून कोणी टाळ्या पिटायला लावल्या, तर आधी कागद मागायचा, वाचता येत नसेल तर वाचून घ्यायचा, आणि पटला तरच अंगठा उठवायचा. पॅकेजच्या आकड्यांपुढेही तेच करा. पुढच्या ग्रामसभेत उभे राहा आणि तलाठ्याला, सरपंचाला, आमदाराला एकच विचारा : आमच्या गावावर उद्या असा प्रसंग आला, तर आमची घरे एकरावर मोजणार की माणसांवर? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या, आणि खाली सगळ्यांच्या सह्या-अंगठे झाल्याशिवाय सभेतून उठू नका.