वाटी बसली म्हणजे उपचार संपला का?

"डॉक्टर, पोरीची वाटी सरकली होती, पण आपोआप बसली. आता दुखायची गोळी तेवढी द्या." साखरखेर्डा आणि आसपासच्या गावांतले पालक मला हे हमखास सांगतात. माझं मत मात्र उलट आहे. वाटी जागेवर बसली की उपचार संपत नाही, खरा उपचार तिथून सुरू होतो.

वाटी का सरकते?

गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडाच्या टोकावरील खाचेतून वर-खाली सरकते. पाय जमिनीत रोवलेला असताना अंग झटक्यात वळलं, की ती बहुधा बाहेरच्या बाजूला निसटते. कबड्डीत चढाई करताना किंवा खो-खोत हुलकावणी देताना हेच घडतं. काहींची खाच जन्मतः उथळ असते, वाटी जरा वर बसलेली असते किंवा सांधे सैल असतात. त्यांना किरकोळ कारणही पुरतं. हा त्रास जास्त करून 10 ते 20 या वयात दिसतो.

लगेच काय करावं?

वाटी ओढू नका, दाबू नका, गुडघा चोळून घेऊ नका. पाय आहे त्या स्थितीत आधार देऊन बांधा, कापडात गुंडाळलेला बर्फ लावा आणि दवाखाना गाठा. डॉक्टर पाय हळूहळू सरळ करून वाटी बसवतात. ती आपोआप बसली असली, तरी एक्स-रे काढाच. वाटी निसटताना तिला आतल्या बाजूने धरून ठेवणारा अस्थिबंध बहुतेक वेळा फाटतो आणि कधी कधी कूर्चेचा तुकडाही सुटतो. काही तासांतच गुडघा टम्म सुजला, तर आत रक्त साचलेलं असू शकतं. अशा वेळी एमआरआय लागू शकतो. पाऊल थंड किंवा बधिर पडलं, तर क्षणभरही थांबू नका.

पुढे काय?

सुरुवातीचे दोन-तीन आठवडे पट्ट्याचा आधार पुरतो. महिनोन्‌महिने प्लास्टर घातलं, तर मांडीचे स्नायू वाळतात आणि वाटी पुन्हा सरकायला वाव मिळतो. म्हणून दुखणं कमी होताच व्यायाम सुरू करायचे: मांडी आवळून धरणं, पाय सरळ ठेवून उचलणं, पुढे एका पायावर तोल सांभाळणं. खेळायला परतायला साधारण तीन-चार महिने लागतात. तुकडा सुटला असेल किंवा वाटी वारंवार सरकत असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. त्यात स्नायूची दोरी वापरून नवा अस्थिबंध तयार करतात. म्हातारपणी झिजलेला गुडघा बदलतात, त्याला आपण "वाटी बदलली" म्हणतो. ते ऑपरेशन वेगळं, हे वेगळं.

आता मनातलं बोलतो. मुलाची वाटी सरकली की त्याला दवाखान्यात नेतात. मुलीची सरकली, तर अनेक घरांत तिचा खेळ बंद होतो आणि "लग्नात अडचण नको" म्हणून गोष्ट दाबली जाते. दाबलेला गुडघा बरा होत नाही. वाटी पुन्हा पुन्हा सरकली, की कूर्चा झिजते आणि ऐन तारुण्यात जिना चढणं, खाली बसणं जड जातं. सुरुवातीच्या व्यायामाला पैसे फारसे लागत नाहीत, नेम लागतो. तेव्हा पोरीला मैदानाबाहेर काढू नका. तिच्याकडून रोज व्यायाम करून घ्या आणि तिला पुन्हा मैदानावर पाठवा.