दोष नव्हे, दोन्ही घराण्यांचा वारसा



काही दिवसांपूर्वी एका व्यापारी कुटुंबातील बावीस वर्षांची कन्या तपासणीसाठी आली. सोबत आई आणि आजी होत्या. मुलीची पाळी तीन-तीन महिने लांबत असे, हनुवटीवर राठ केस येत होते, आणि घरात स्थळे पाहण्यास प्रारंभ झाला होता. मी काही विचारण्यापूर्वीच आजी म्हणाल्या, “डॉक्टरबाई, आमच्या घराण्यात असे कोणालाही नव्हते. हे तिच्या आजोळहून आले.” आई खाली मान घालून बसली होती.

या विकारास पीसीओएस म्हणतात. बोलण्यात पुष्कळदा पीसीओडी असाही उल्लेख होतो. स्टाइन आणि लेव्हेंथल या शिकागोच्या दोन वैद्यांनी १९३५ मध्ये सात रुग्ण स्त्रियांच्या आधारे त्याचे वर्णन केले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ मधील अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील ८ ते १३ टक्के स्त्रियांना तो असतो, आणि त्यांपैकी बहुसंख्य स्त्रियांना त्याची कल्पनाही नसते.

सोनोग्राफीत दिसतात त्या खऱ्या गाठी नव्हेत. ती वाढ अर्धवट थांबलेली बीजपुटके होत. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, म्हणून ते अधिक प्रमाणात स्रवते. वाढलेले इन्सुलिन अंडाशयास अँड्रोजेन, म्हणजे पुरुषी गुणाचे संप्रेरक, अधिक निर्माण करावयास लावते. त्यातून पाळी लांबणे, मुरुमे, चेहऱ्यावर राठ केस, डोक्यावरील केस विरळ होणे, मानेवर काळसर जाडसर त्वचा आणि वजनवाढ ही लक्षणे संभवतात. सर्वच लक्षणे प्रत्येकीत असतात असे नाही. सडपातळ मुलींनाही हा विकार होतो.

आता आजींच्या विधानाकडे वळू. नेदरलँड्समध्ये जुळ्या बहिणींवर झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या विकारामागे आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ७० टक्के असल्याचे दिसले. याचा अर्थ मातेला विकार असल्यास कन्येला तो होण्याची शक्यता ७० टक्के, असा मात्र नव्हे. स्त्री-स्त्रीमध्ये जो फरक आढळतो त्यातील मोठा भाग जनुकांमुळे असतो, एवढाच त्याचा अर्थ. २०११ मध्ये चिनी संशोधकांनी गुणसूत्रांवरील तीन संबंधित जागा दाखविल्या. २०१८ मध्ये युरोपीय वंशाच्या स्त्रियांच्या मोठ्या अभ्यासात अशा १४ जागा आढळल्या. त्यांतील काही अँड्रोजेनच्या निर्मितीशी, काही अंडाशयाला मिळणाऱ्या संदेशांशी निगडित आहेत. प्रत्येकीचा हिस्सा अल्प असतो. म्हणूनच एखादी जनुकीय चाचणी करून या विकाराचे निदान होत नाही.

ही जनुके केवळ मातेकडून येत नाहीत. पित्याला अंडाशय नसतात, परंतु ही जनुके त्याच्याकडेही असू शकतात, आणि ती तो कन्येस देतो. अशा स्त्रियांच्या पित्यांत व भावांत मधुमेहाकडे झुकणारी लक्षणे अधिक आढळतात.

मी आजींना विचारले, मुलीच्या वडिलांना साखर आहे काय? होती, वयाच्या अडतिसाव्या वर्षापासून. आत्याला मूल किती वर्षांनी झाले? नऊ वर्षांनी, पाळीही नियमित नसे. आजी क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “तेव्हा आम्ही तिलाच बोल लावला.” त्या वेळी प्रथमच आईने मान वर केली.

वारसा बदलता येत नाही. त्याचा परिणाम मात्र पुष्कळ सौम्य करता येतो. वर्षात आठपेक्षा कमी पाळ्या येत असतील, किंवा दोन पाळ्यांत ३५ दिवसांहून अधिक अंतर पडत असेल, तर तज्ज्ञांना दाखवावे. थायरॉइड व प्रोलॅक्टिनचे विकार आधी वगळावे लागतात. पाळी सुरू झाल्यापासून पहिल्या आठ वर्षांत केवळ सोनोग्राफीवरून निदान करू नये. रक्तातील साखर, चरबी व रक्तदाब यांची तपासणी आवश्यक आहे. वजन अधिक असल्यास त्यात ५ ते १० टक्के घट झाली तरी पाळी सुधारू शकते. पाळी वारंवार तीन महिन्यांहून अधिक लांबल्यास उपचार टाळू नयेत, कारण गर्भाशयाचे अस्तर दाट होत राहणे हितावह नाही.

आपल्या घरांसाठी दोन सूचना. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यास जीवनसत्त्व बी-१२ घटू शकते. शाकाहारी व्यक्तींत ते आधीच कमी असण्याचा संभव असतो, म्हणून त्याची तपासणी करून घ्यावी. तसेच औषधे चालू असताना अठाईसारखे दीर्घ उपवास करावयाचे असल्यास आधी वैद्यांशी बोलावे.

विवाहाच्या वेळी हा विकार लपवू नये. योग्य उपचारांनी यांपैकी बहुसंख्य स्त्रियांना मातृत्व लाभते. लपविलेली गोष्ट पुढे उघड झाली की सारा दोष सुनेवर येतो, आणि उपचारांची मोलाची वर्षे वाया जातात.

त्या कन्येस मी एक काम सांगितले: आजी, आत्या, मावशी, वडील, काका, मामा यांपैकी कोणाला साखर, कोणाची पाळी अनियमित, हे सारे एका कागदावर लिहून आणावे. पुढील भेटीस तो कागद आला. पितृपक्षाची बाजू आजींनी स्वतः सांगून लिहवून घेतली होती. असा कागद प्रत्येक घरी तयार व्हावा, एवढीच विनंती.