आई, इथे उकाडा फार आहे!

सौदीत संशोधनाच्या नोकरीत होतो तेव्हाची गोष्ट. आईने फोनवर विचारलं, "काय रे, तिकडचे लोक राजाबद्दल काय म्हणतात?" मी म्हटलं, "आई, इथे उकाडा फार आहे!" ती समजली. मग वर्षभर आम्ही हवामानावरच बोललो.

माझा फोन कुणी ऐकत होतं का? बहुधा नाही. मेथीच्या भाजीच्या गप्पांत कुणाला रस असणार? पण पाळतीचं असंच असतं. ऐकावं लागतच नाही, ऐकत असतील एवढी शंका पुरते.

गंमत म्हणजे तिथल्या १९९२ च्या मूलभूत कायद्याचं कलम ४० सांगतं की टपाल, तार, टेलिफोन सुरक्षित आहेत. कायद्याने परवानगी दिल्याशिवाय ते उघडायचे नाहीत, ऐकायचे नाहीत. वाचायला किती छान! प्रत्यक्षात काय झालं? रेड क्रेसेंटमध्ये काम करणारा अब्दुलरहमान अल-सदहान टोपणनावाने ट्विटरवर सरकारची टर उडवायचा. मार्च २०१८ मध्ये त्याला ऑफिसातून उचललं. २०२१ मध्ये शिक्षा झाली, २० वर्षं कैद आणि पुढे २० वर्षं प्रवासबंदी. टोपणनावामागचा माणूस सापडला कसा? २०१५ मध्ये ट्विटरच्याच एका सौदी कर्मचाऱ्याने हजारो खात्यांची माहिती चाळली, असा अमेरिकेत आरोप ठेवला गेला. तो सौदीला पळाला. त्याच्या सहकाऱ्याला २०२२ मध्ये तिथल्या ज्युरीने सौदीचा हस्तक म्हणून दोषी ठरवलं. भाऊ या फितुरीमुळेच सापडला, असं सदहानच्या बहिणीचं म्हणणं आहे.

"आपल्याकडे बरंय बुवा," मित्र म्हणतात. खरंय. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निकाल दिला. पण तो आकाशातून पडला नाही. के. एस. पुट्टस्वामी हे निवृत्त न्यायमूर्ती वयाच्या ८६ व्या वर्षी आधारविरुद्ध कोर्टात गेले आणि 'असा मूलभूत हक्कच नाही' म्हणणाऱ्या सरकारला उत्तर द्यावं लागलं. कलम दोन्हीकडे असू शकतं. फरक पडतो तो जाब विचारता येण्याने.

आणि आपणही फार निश्चिंत राहू नये. आपल्याकडे फोन टॅप करायला गृहसचिवांचा आदेश पुरतो, न्यायाधीशाची सही लागत नाही. २०२३ च्या डेटा कायद्यात केंद्राला आपल्या यंत्रणांना सूट देता येते.

तुम्ही म्हणाल, काही केलंच नाही तर भीती कशाची? अहो, मीही काही केलं नव्हतं. सौदी सोडून वर्ष झालं, तरी आईने फोनवर राजकारण काढलं की माझ्या तोंडून अजून हवामानच निघतं.