चित्रकलेचे गुण गणितात?

कलावंताच्या हातून गुन्हा घडला तर त्याची कलाही टाकून द्यावी काय? माझ्या मते, टाकू नये. पण ‘कला वेगळी, माणूस वेगळा’ असे म्हणत जे लोक कलेच्या पदराखाली गुन्हा झाकू पाहतात, त्यांच्याशी माझे भांडण आहे.

संजय दत्तचेच पाहा. ‘लगे रहो मुन्नाभाई’ 2006 साली आला. दिलीप प्रभावळकरांचे गांधीजी आणि त्यांच्या नादाने सुधारणारा दत्तचा गुंड, दोघेही लोकांच्या मनात बसले. त्याच वर्षी न्यायालयाने दत्तला बेकायदा शस्त्रे बाळगल्याबद्दल दोषी ठरवले. दहशतवादाच्या आरोपातून मात्र सोडले. 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने सहा वर्षांची शिक्षा पाचावर आणली, दोष कायम ठेवला. तेव्हा प्रेस कौन्सिलचे तत्कालीन अध्यक्ष मार्कंडेय काट्जू यांनी त्याच्या माफीची मागणी केली. या चित्रपटाने गांधीजींची आठवण जागवली, हेही त्यांनी दिलेले एक कारण!

हा कुठला न्याय? मी शाळामास्तर. गणितात नापास झालेल्या मुलाला मी चित्रकलेचे गुण उसने देत नाही, आणि त्याचे चित्रही फाडीत नाही. काराव्हाज्जोने 1606 साली रोममध्ये एका माणसाचा जीव घेतला. त्याची चित्रे आजही तिथल्या चर्चमध्ये आहेत, ती असावीतच. पण त्यांनी मेलेला माणूस उठून बसला नाही.

कुणी म्हणेल, वाल्याचा वाल्मीकी झालाच ना? झाला, पण त्यासाठी तो वारुळात बसला. वाल्मीकीचे सोंग वठवून सुटला नाही.

12 मार्च 1993 रोजी मुंबईत 257 माणसे मेली. त्या स्फोटांची दारू आम्हा धाटावकरांच्याच जिल्ह्यात, श्रीवर्धन तालुक्यातल्या शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरली होती. त्या दिवसांत घरात बंदूक ठेवणे हा पोरखेळ नव्हे.

आणि गांधीजींचेच नाव घ्यायचे, तर 1922 चा अहमदाबादचा खटला आठवा. राजद्रोहाच्या आरोपाखाली उभ्या असलेल्या गांधीजींनी न्यायाधीशांकडे स्वतःच कडक शिक्षा मागितली. सहा वर्षांची झाली आणि त्यांना येरवड्यास नेले. दत्तनेही आपण माफीचा अर्ज करणार नाही असे सांगितले, येरवड्यात शिक्षा भोगली आणि 2016 साली तो सुटला. वकिली करणाऱ्यांपेक्षा त्यालाच हे अधिक उमगले म्हणायचे.

दिवाळीच्या सुट्टीत मुलांना तो चित्रपट खुशाल दाखवा. मुलांनी विचारलेच, तर सांगा: याने काम फार छान केले, आणि गुन्हाही केला. एकाने दुसरे पुसले जात नाही.